नॅनर्लच्या हातातला कागद

शांतियीच्या कोंदे संग्रहालयात कार्मोंतेलचे एक जलरंगचित्र आहे. पॅरिसच्या चांभाराचा हा मुलगा (१७१७–१८०६) ओर्लेआंच्या ड्यूकच्या पदरी होता; माणसे बहुधा एका बाजूने, पूर्णाकृती रंगवी. १७६३च्या नोव्हेंबरात मोझार्ट कुटुंब पॅरिसला आले, तेव्हाचा हा विषय. सात वर्षांचा वोल्फगांग हार्प्सिकॉर्डवर, पाय अधांतरी. मागे वडील लिओपोल्ड, हाती व्हायोलिन. बारा वर्षांची नॅनर्ल मात्र गाण्याचा कागद धरून उभी! वास्तविक तीही हार्प्सिकॉर्डच वाजवी, आणि युरोपातल्या निपुण वादकांत वडीलच तिला १७६४च्या पत्रात गणतात. त्याच वर्षी देलाफोसने या चित्राचे छापचित्र केले. कुटुंबाची जाहिरात त्यानेच झाली. त्यातही तिच्या हाती कागदच आहे.