बेगमी : कनवटीतली आणि खुंटीवरची



पाऊस तोंडावर आला की मावळात घरोघरी एकच लगबग सुरू होते. कौलं शाकारायची, गोवऱ्या आणि सरपण आत घ्यायचं, तांदूळ-मीठ-मिरची भरून ठेवायची. या सगळ्याला आपल्याकडे एक शब्द आहे, बेगमी. पुढे काय अडेल याचा विचार करून आधीच केलेली सोय म्हणजे बेगमी. आज या बेगमीचा थोडा इतिहास बघू या. पण कोठारातल्या बेगमीचाच नाही, तर बाई अंगावर वागवते त्या बेगमीचाही. कारण एकीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आणि दुसरीबद्दल फारच थोडं.

सुरुवात आपल्या बेडशाच्या लेण्यांपासून करू. कामशेतजवळ पवन मावळातली ही लेणी साधारण २००० वर्षांपूर्वीची. तिथं पाण्याच्या टाक्यापाशी एक छोटा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. तो एका बाईच्या दानाचा आहे. तिचं नाव सामडिनिका. महाभोजाची ती मुलगी, महारठी घराण्यातली, आपदेवणकाची बायको. जवळच भाज्याच्या लेण्यातही टाक्याच्या दानाचा लेख आहे. तो विण्हुदत नावाच्या महारठीचा. अशा टाक्याला तेव्हा 'पोढी' म्हणत. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरातून माल घाटावर येई आणि वर चढून आलेल्या वाटसरूला आधी पाणी लागे. भिक्खूंची आणि वाटसरूंची ती सोय दगडात कोरून ठेवली होती. म्हणजे अडचणीच्या वेळेची तरतूद करणाऱ्यांत आपल्या मावळातली एक बाई २००० वर्षांपूर्वी नावानिशी उभी आहे.

आता साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या काळात येऊ. शिवाजी महाराजांचं एक पत्र फार प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या जुमलेदारांना आणि कारकुनांना ते लिहिलेलं आहे. पत्राचा आशय अगदी घरगुती आहे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरेल अशी बेतानं वापरा, आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही गावातल्या कुणब्यांना त्रास द्यायला लागाल. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागून सगळं जळून जाईल. एवढा मोठा राजा, पण उंदरानं नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो. संकट अचानक येतं असं आपण म्हणतो. या पत्रात मात्र ते कुठून येईल हे आधीच ओळखलेलं दिसतं.

पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखलं जाणारं 'आज्ञापत्र' लिहिलं गेलं. त्यात गडाची व्यवस्था सांगितली आहे. पाणी बघूनच किल्ला बांधावा, पाणी जपावं, गडावर वैद्य असावेत, झाडपाल्याचं जाणणारे असावेत, जखमा बांधणारे असावेत, लोहार-सुतार असावेत. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची अशा आपल्या किल्ल्यांवर खडकात खोदलेली टाकी आजही पाणी धरून आहेत.

ही झाली गडावरची बेगमी. पण गडाखाली, शेतात, रानात, घाटवाटेवर असलेल्या माणसांची सोय काय होती? ती त्यांच्या अंगावर होती.

धनगराच्या खांद्यावरची घोंगडी बघा. लोकर भिजली तरी ऊब धरते, म्हणून ती पांघरूण, बसकर आणि पावसातला आडोसा, तिन्ही होती. भातलावणीला बाया डोक्यावर इरलं घेत, म्हणजे पाठ झाकलेली आणि दोन्ही हात कामाला मोकळे. ठाकर, कातकरी रानात जाताना कमरेला आकडी बांधत आणि तिच्यात कोयता अडकवत. काडेपेटी नव्हती तेव्हा चकमक, गारगोटी आणि कापूस बरोबर असे. खांद्यावर पडशी, तिच्यात भाकरीची शिदोरी. डोक्याचं पागोटं किंवा मुंडासं सोडलं की दोरीसारखं वापरता येई, जखमेला बांधताही येई.

बायांची सोय होती लुगड्यात. नऊवारी काष्ट्याचं लुगडं नेसलं की पाय मोकळे राहतात, चढता येतं, पळता येतं. कनवटीला पैसे, ओच्यात शेंगा नाहीतर भाजी, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलेलं काहीबाही. कमरेला चंची. आपण तिला पान-सुपारीची चंची म्हणतो, पण तिच्या कप्प्यांत अडकित्ता, चुन्याची डबी, सुटे पैसे, असं बरंच काही असे. आणि घरात बटवा. सुंठ, वेखंड, ओवा, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा. अपरात्री मूल रडायला लागलं तर हात थेट त्या बटव्याकडे जाई, कारण तो कुठं टांगलाय हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.

मग ही सवय गेली कशी? थोडी रस्त्यानं गेली, थोडी कपड्यानं. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. पायी ज्या वाटेला दिवस लागत, तिथं तास लागू लागले. स्टेशनावर चहा मिळू लागला, गावात दुकान आलं, शिदोरी लहान झाली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. दुसरीकडे लुगड्याच्या जागी गोल साडी आली, मग पंजाबी ड्रेस आणि गाऊन. या कपड्यांना कनवट नाही आणि बहुतेकांना खिसाही नाही. मोबाईल ब्लाऊजमध्ये, पैसे पर्समध्ये, पर्स कपाटात आणि कपाटाची किल्ली भलतीकडेच. पावसाळ्यात घाटात दरड आली की रस्ता आणि गाडी दोन्ही थांबतात. तेव्हा आपल्याजवळ काय असतं, याचा विचार करून बघा.

संकटं तर आपल्या आसपास येऊन गेलेली आहेत. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. ती बातमी बाहेर गेली ती एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना अंधारात, पावसात डोंगर चढावा लागला.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलू या. पिशवीनं दरड अडत नाही. माळीणला कुणाच्या हाताशी पिशवी असती म्हणून डोंगर थांबला नसता. मग पिशवीचा उपयोग काय? तिचा खरा उपयोग वेळेत घर सोडण्यासाठी आहे.

डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो. जमिनीला नव्या भेगा पडतात, झाडं आणि विजेचे खांब कलतात, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा आटतं, दारं चौकटीत अडकायला लागतात. मुसळधार पावसात या खुणा दिसल्या की बाहेर पडायचं असतं. पण बाईचा पाय घरात अडकतो. रेशनकार्ड कुठं आहे, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी कुठं आहे, बाळाचे कपडे, पासबुक, चार पैसे. हे गोळा करण्यात अर्धा तास जातो, किंवा एवढं सगळं सोडून कसं जायचं म्हणून निघणंच राहून जातं. पिशवी आधीच भरलेली असेल तर हा अर्धा तास वाचतो. पूर्वी कनवटीला आणि बटव्यात हे आपोआप होत होतं. आता ते ठरवून करावं लागेल.

जपानमध्ये ही सवय घरोघरी लावली आहे. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्योच्या परिसरात मोठा भूकंप झाला. १९६० पासून १ सप्टेंबर हा तिथं आपत्तीची तयारी करण्याचा दिवस पाळतात. अनेक घरांत दाराशी संकटाची पिशवी ठेवलेली असते. १९९५ मध्ये कोबे शहरात भूकंप झाला तेव्हा ढिगाऱ्यातून वाचलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. आपल्याकडेही लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही स्वयंसेवकांची संस्था घाटात आणि धबधब्यांवर बचावाचं मोठं काम करते. पण ती माणसं पोहोचेपर्यंतचा वेळ आपला आपणच काढायचा असतो.

आता पिशवी भरू. दोन भाग करा. एक कनवटीचा, एक खुंटीचा.

कनवटीची म्हणजे हाताच्या पंज्याएवढी कापडी पिशवी. नाडीनं कमरेला बांधायची, शेतात, बाजारात, लग्नाला, कुठंही. तिच्यात शिट्टी, छोटी बॅटरी, थोडे सुटे पैसे, रोजच्या गोळ्यांची एक पट्टी आणि एक कागद. कागदावर आपलं नाव, गाव, रक्तगट, आजार आणि घरच्यांचे तीन फोन नंबर पेननं लिहून प्लास्टिकमध्ये घाला. मोबाईल बंद पडला की आपल्याला स्वतःच्या मुलाचा नंबरही आठवत नाही. शिट्टी कशाला, असं वाटेल. ओरडून घसा बसतो, पावसाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, शिट्टी मात्र लांबवर जाते.

खुंटीची म्हणजे पाठीला लावायची, दोन पट्ट्यांची पिशवी. मुलांच्या शाळेचं जुनं दप्तर चालेल. हातात धरायची पिशवी नको, हात मूल धरायला आणि आधार घ्यायला मोकळे हवेत. तिच्यात घाला :

आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, बचत गटाचं पुस्तक यांच्या झेरॉक्स, जाड प्लास्टिकमध्ये. मदत मिळवायला कागद लागतात. तुमच्या स्वतःच्या नावाचे कागद त्यात आधी ठेवा, मग घरातल्या इतरांचे.

पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली, चणे-गूळ किंवा शेंगदाण्याचे लाडू, आणि ओआरएसच्या दोन पुड्या. या पुडीमागेही इतिहास आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी बादल्यांतून वाटायला लावलं. रुग्णांच्या घरचेच ते पाजत होते. मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसवरून चारच्याही खाली आलं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

स्वच्छ सुती कापडाचा मोठा तुकडा, चिकटपट्ट्या, जंतुनाशक, सेफ्टी पिना. पाळीचे पॅड किंवा स्वच्छ कापड. काडेपेटी आणि मेणबत्ती, घट्ट झाकणाच्या डबीत. पाच-सहा मीटर मजबूत दोरी, एक मोठं प्लास्टिक, एक जुनी शाल. घरात बाळ असेल तर त्याचे दोन कपडे, म्हातारं माणूस असेल तर त्याचा जादा चष्मा आणि आठवड्याची औषधं.

साप चावला तर उपयोगी पडेल म्हणून पातं ठेवू नका. जखम चिरायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस आणि तातडीची मदत, १०७७ ला जिल्ह्याचा आपत्ती कक्ष. हे तीन आकडे पिशवीवरच शिवून टाका.

भरून झाली की पिशवी पाठीला लावा, मूल कडेवर घ्या आणि घरापासून शाळेपर्यंत चालून या. दम लागला तर काहीतरी काढा. मग ती दाराजवळच्या खुंटीला टांगा. कपाटात नको, माळ्यावर तर मुळीच नको.

राहिली आठवण ठेवायची गोष्ट. औषधाची तारीख उलटते, बॅटरीचे सेल गळतात. त्यासाठी आपलं पंचांग आहेच. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, त्याआधीच्या बचत गटाच्या बैठकीला सगळ्यांनी पिशव्या घेऊन यायचं आणि एकमेकींच्या तपासायच्या. दुसऱ्यांदा दिवाळीला. गटाचं हे काम नव्हे असं कुणी म्हटलं तर किल्लारीचं सांगा. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेबरोबर गावातल्याच बाया संवाद सहायक झाल्या. घर मजबूत कसं करायचं, सरकारी मदत कशी मिळवायची, हे त्यांनी घरोघरी समजावलं. त्याआधी त्यातल्या कितीतरी जणी चारचौघांत बोललेल्याही नव्हत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हिशेब झाल्यावर अर्धा तास काढा. वाडीतल्या कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, याची यादी करा आणि त्यांची पिशवी कोण भरून देणार हेही तिथंच ठरवा. पुढच्या वेळी तुमच्या गटानं पिशवीत आणखी काय घातलं ते आम्हाला कळवा, आपण ते सगळ्यांना सांगू.