धुराचा जागल्या

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून रात्रीच्या पहाऱ्याचें काम जागल्याकडे असे. त्याच्या अंगीं दोन गुण लागत. त्यानें झोपतां कामा नये हा एक, आणि त्याच्या हांकेवर गांवाचा भरंवसा असावा हा दुसरा. आजच्या उंच इमारतींतून छताला चिकटलेली जी लहानशी डबी दिसते, जिला धूम्रशोधक अथवा व्यवहारांत स्मोक डिटेक्टर म्हणतात, ती याच जागल्याची वारस होय. तिला पहिला गुण देण्यास विज्ञानाला शंभर वर्षें खपावें लागलें. दुसरा गुण मात्र एकट्या विज्ञानाच्या हातीं नाहीं, हीच तिच्या इतिहासाची शिकवण आहे.

आरंभीं यंत्राकडून केवळ निरोप पोंचविण्याचीच अपेक्षा होती. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर या दोघांनीं १८५२ सालीं तारायंत्राच्या आधारें आगीची वर्दी देण्याची व्यवस्था उभी केली. रस्तोरस्तीं पेट्या बसविण्यांत आल्या. पेटींतील दांडा फिरविला कीं वर्दी कोठून आली हें मध्यवर्ती कचेरीस कळे आणि शहरांतील घंटा वाजूं लागत. परंतु हा दांडा फिरविणारा माणूसच होता. आग त्याच्या दृष्टीस पडली तरच तार बोले.

पुढें उष्णता ओळखणारीं यंत्रें निघालीं. एडिसनचा सहकारी फ्रान्सिस अप्टन यानें अशा विजेच्या यंत्राचें पेटंट १८९० सालीं मिळविलें; इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यानें १९०२ सालीं तसेंच यंत्र सिद्ध केलें. तथापि शोध लागणें निराळें आणि तो माणसांच्या डोक्यावरील छतापर्यंत पोंचणें निराळें. २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कमधील ट्रँगल कंपनीच्या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागली. कारखाना एका दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यास टेलिफोनवर वर्दी गेली. नवव्या मजल्यास ती कोणीच दिली नाहीं. तेथील कामकरणींना आगीची वर्दी आगीनेंच दिली. त्या दिवशीं १४६ जीव गेले. त्यांपैकीं बहुतेक परदेशांतून पोटासाठीं आलेल्या तरुण मुली होत्या. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यानें चौकशी आयोग नेमला आणि कारखान्यांच्या सुरक्षिततेचे नवे कायदे केले.

उष्णतेच्या यंत्रांतहि एक उणीव होती. छत तापेपर्यंत धूर आपलें काम करून चुकलेला असतो. आगींत पुष्कळ माणसें ज्वाळांनीं नव्हे, तर धुरांतील विषारी वायूंनीं दगावतात. आणि गाढ झोपलेल्या माणसास धुराच्या वासानें जाग येईलच असें नाहीं. म्हणून धूर ओळखणारें यंत्र हवें होतें. तें योगायोगानें सांपडलें. १९३० नंतरच्या दशकांत वॉल्टर येगर हा स्विस पदार्थविज्ञानवेत्ता विषारी वायूचा सुगावा लावणारें यंत्र करीत होता. वायूनें तें हललें नाहीं. परंतु त्यानें कंटाळून सिगारेट पेटविली तेव्हां तिच्या धुरानें यंत्रांतील विजेचा प्रवाह मंदावला, असें सांगतात. त्याचाच देशबंधु अर्न्स्ट मायली यानें एवढ्याशा बदलावरून घंटा वाजविण्याची युक्ति शोधून काढली. १९४१ सालीं स्वित्झर्लंडमधील बाड रागाझ येथें निघालेल्या त्यांच्या कंपनीचें नांव होतें सर्बेरस, म्हणजे ग्रीक पुराणांत पाताळाच्या दाराशीं राखण करणारा अनेक तोंडांचा कुत्रा.

या यंत्राचें मर्म सोपें आहे. त्यांतील किरणोत्सर्गी पदार्थाच्या अत्यल्प कणामुळें डबीतील हवेंतून किंचित् वीज वाहूं लागते. धुराचे कण आंत शिरले कीं प्रवाह घटतो आणि घंटा वाजते. दुसरा प्रकार प्रकाशाचा. काळोख्या खोलींत कवडसा आला म्हणजे एरवीं न दिसणारी धूळ उजळते. तद्वतच डबीच्या अंधारांत सोडलेला किरण धुरावर आपटून विखुरतो आणि आडोशास ठेवलेल्या विजेच्या डोळ्यावर पडतो. भडकलेली आग पहिल्या प्रकारास लवकर कळते; गादींत धुमसणारी आग दुसऱ्यास.

घराघरांत हा पहारेकरी शिरला तो बॅटरीमुळें. अमेरिकेंत ड्वेन पीअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनीं १९६५ सालीं घरगुती धूम्रशोधक तयार केला. त्याचें स्थान कोठें असावें, हा प्रश्न १९७५-७६ मध्यें इंडियाना राज्यांतील समुद्रासारख्या विशाल सरोवराच्या कांठीं रिकाम्या घरांत खऱ्याखुऱ्या आगी लावून तपासण्यांत आला. प्रत्येक मजल्यावर धूम्रशोधक असेल तर पळून जाण्यास बहुधा पुरेसा अवधि मिळतो, असें त्यांतून निष्पन्न झालें. यंत्र बसविण्याचे नियमहि धुराच्या चालीवरूनच ठरले. तप्त धूर वर चढून छताखालीं पसरतो, म्हणून यंत्राची जागा छतास. भिंत व छत यांच्या कोनांत हवा कोंडून राहते, म्हणून तो कोपरा टाळावयाचा. पंखा आणि शीतयंत्र यांचा झोत धूर उडवून लावतो, म्हणून त्यांपासूनहि दूर. फोडणीच्या धुरानें घंटा वाजूं नये, म्हणून स्वयंपाकघरापासून अंतर.

मोठ्या इमारतींत अशा शेंकडों डब्या तारांनीं एका नियंत्रण-पेटीस जोडलेल्या असतात. त्या तारांतून सतत थोडी वीज खेळती ठेवितात. तार तुटली तर प्रवाह थांबतो आणि पेटी बिघाडाची खूण देते. परंतु तार शाबूत असूनहि डबी आंधळी असूं शकते. धुळीनें तिचीं छिद्रें बुजतात, रंगारी तिच्यावर कुंचला फिरवितो, बांधकामाच्या वेळीं घातलेलें टोपण काढावयाचें राहून जातें. नुसतें बटण दाबल्यानें हें कळत नाहीं. म्हणून परीक्षक लांब काठीच्या टोकाशीं असलेल्या पेल्यांतून प्रत्येक डबीस कृत्रिम धूर देतो आणि नियंत्रण-पेटीवर नेमकी तीच जागा उमटली कीं नाहीं हें पाहतो.

याहून कठीण प्रश्न विश्वासाचा. न्यू जर्सी राज्यांतील सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल वसतिगृहांत एका सत्रांत १८ वेळां खोटी घंटा वाजली होती. १९ जानेवारी २००० च्या पहाटे ती खरी वाजली, तेव्हां नेहमींचाच प्रकार समजून अनेक विद्यार्थी खोलींतच थांबले. तिघांचा अंत झाला आणि पन्नासांहून अधिक जखमी झाले. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट लहानपणीं सर्वांनीं ऐकलेली असते. परंतु तींत दोष मुलाचा होता. येथें हांक देणारें यंत्र होतें आणि त्याच्या खोट्या हांकांचें कारण शोधून तें दूर करणें हें माणसांचें काम होतें. खोट्या घंटेस कंटाळून बॅटरी काढून ठेवणारा गृहस्थहि तीच चूक करतो. अमेरिकेंत घरांतील आगींत मरणाऱ्या दर पांचांपैकीं सुमारें तिघे अशा घरांत मरतात, जेथें धूम्रशोधक नसतो किंवा असून चालत नसतो.

महाराष्ट्रांत २००६ च्या अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानें हें जाणलें आहे. इमारतींतील अग्निसुरक्षेची यंत्रणा सुस्थितींत असल्याचें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र वर्षांतून दोनदां, जानेवारी आणि जुलैमध्यें, सादर करण्याची जबाबदारी त्यानें मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. प्रमाणपत्राचा कागद कचेरींत दाखल होतो. पण जिन्यांतल्या डबीस खरोखर धूर दाखविला गेला कीं नाहीं, हें त्या जिन्यानें रोज चढणाऱ्यांनींच विचारावयाचें असतें. गांवाचा जागल्या झोपला तर त्याच्या हांका थांबत आणि गांवास तें कळे. हा जागल्या एरवींहि मुकाच असतो. तो जागा आहे कीं मेला आहे, हें त्याला हलवून पाहिल्यावांचून कळत नाहीं.