आभाळात एक तास, रस्त्यावर चार

मंडळी, नवी मुंबई विमानतळ आपल्या रायगडात, चिपी तिकडे सिंधुदुर्गात. दोघांमध्ये सरळ रेषेत अंदाजे ३३५ किलोमीटर. एटीआरसारखं छोटं विमान हे अंतर तासाभरात कापतं. पण मी प्रवासाचा हिशोब घराच्या उंबरठ्यापासून मांडतो.

पूर्वी बोट होती. मुंबईहून गोव्याकडे हर्णै, दाभोळ, जयगड, मालवण अशी बंदरं घेत जायची. अख्खा दिवस-रात्र लागायचा, पावसाळ्यात सगळं बंद. तरी ती किनाऱ्यावरच्या माणसाच्या दारात यायची. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. वेळ वाचला, पण गाडी कोलाड-माणगाववरून आतून गेली. मुरूड-श्रीवर्धन बाजूलाच राहिले. मग ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचं उद्घाटन झालं, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईचं.

आता बघा. श्रीवर्धन ते नवी मुंबई विमानतळ सरळ रेषेत जेमतेम १०५ किलोमीटर. रस्त्याने दीडशेच्या वर, चार तास तरी धरा! म्हणजे दर वेळी वाहन वेगवान झालं आणि आपल्या दारापासून लांब थांबलं.

रेवस-रेडी सागरी मार्गाची कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, १९८०-८२ ची. दिघी-आगरदांड्याला पूल होईपर्यंत आपली जंगलजेट्टीच. पेशंट पनवेलला न्यायचा तोही याच वाटेने.

विमानतळाचं स्वागतच आहे. पण पुढच्या सभेत कुणी विमानाच्या वेळा सांगितल्या, तर खाडीवरच्या पुलांची तारीख विचारा.