फोटो आहे, नाव नाही



दिंडीच्या शताब्दीचा अंक काढायचा ठरला, तेव्हा आम्ही घरोघर जाऊन जुने फोटो मागितले. कुणी देव्हाऱ्यावरची चौकट उतरवून दिली, कुणी ट्रंकेतल्या लुगड्याच्या घडीतून पाकीट काढलं. फोटो बरेच जमले. खरी अडचण पुढे आली. विणेकरी कोण, ते सांगता आलं. पखवाजी कोण, तेही दोघा-तिघा जुन्या माणसांनी ओळखलं. पण मागच्या ओळीत डोईवर तुळस घेतलेल्या चार बाया कोण, हे कुणालाच सांगता येईना. पंढरीपर्यंत पायी गेलेल्या माउल्या, आणि त्यांच्याच गावात त्यांना नाव नाही! हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

आपल्या बोरी बुद्रुकचं नाव जगातल्या अभ्यासकांना ठाऊक आहे. कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली, म्हणून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक इथे आले. राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची की त्याहून कितीतरी जुनी, यावर विद्वानांत वाद आहेत. तो वाद त्यांचा. आपण घ्यायची ती त्यांची शिस्त. उत्खननात फोटो काढताना दगडाशेजारी मोजपट्टी ठेवतात. जागा, थर, क्रमांक लिहून ठेवतात. दगडाची एवढी नोंद होते. माणसांची आपण केली नाही.

ही चूक तशी फोटोच्या विद्येइतकीच जुनी आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिथले एक जाणकार छायाचित्रकार. त्या काळी ओल्या काचेवर फोटो घेत, आणि काच सुकायच्या आत ती धुवावी लागे. म्हणजे बाहेर जायचं तर अंधारा तंबू आणि औषधांच्या बाटल्या सोबत न्यायच्या. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी तिथल्या लोकांचे फोटो घेऊन 1863 आणि 1866 मध्ये दोन भागांचं पुस्तक काढलं. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, कापायचे आणि दुसऱ्याच जागेच्या फोटोवर चिकटवायचे, अशी रीत दिसते. खाली जातीचं, समाजाचं नाव. माणूस खरा, पण जागा त्याची नाही आणि नाव तर नाहीच.

पुढे कॅमेरा हलका झाला. आपल्याकडे आगफा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा पुष्कळांनी हाताळला. एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. रोल संपेपर्यंत थांबायचं, मग स्टुडिओत धुवायला द्यायचा. त्यामुळे अख्ख्या वारीत दिंडीचा एखादाच फोटो व्हायचा. त्यात पुढे विणेकरी, चोपदार, टाळकरी. बाया मागे, नाहीतर मुक्कामावर चुलीपाशी. रिंगणाचा फोटो काढला तर घोड्याच्या जागी नुसता पांढरा फराटा! जे फोटोत आले नाहीत, तेही वारीत होते, हे वाचणाऱ्यांनी विसरू नये.

बाहेरच्यांनीही वारी टिपली. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर यांनी वारीवर चित्रपट केला. संदेश भंडारे यांनी वारीचे फोटो काढले आणि तमाशाचेही. नारायणगाव शेजारी असल्यानं त्याचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. जो छायाचित्रकार चार मुक्काम बरोबर चालतो, पंगतीत बसतो, त्याच्यापुढे माणूस अंग चोरत नाही. दिवे घाटात गाडीतून उतरून पाच मिनिटांत निघून जाणाऱ्याला फक्त गर्दी दिसते.

आम्हांला वाईट अनुभवही आले. टँकरपाशी आंघोळ करणाऱ्या बायांवर कॅमेरा रोखलेला आमच्या तरुणांनी पाहिला आणि त्या पाहुण्याला हात जोडून दूर केलं. आणखी एकदा आमच्या एका टाळकरी बाबांचा चेहरा जाहिरातीच्या फलकावर झळकला. विचारलं कुणी नव्हतं. बाबा हसून म्हणाले, “चेहरा देवानं दिला, त्याचं काय मागायचं?” त्यांची नात म्हणाली, “मग त्या लोकांनी पैसे कुणाच्या चेहऱ्याचे घेतले, बाबा?” आम्हांला दोघांचंही पटलं. बाबांना काही नको होतं, हा त्यांचा मोठेपणा. म्हणून न विचारता घेणाऱ्याची चूक माफ होत नाही.

तेव्हापासून दिंडीत ठरलं आहे. आंघोळ, आजारपण, झोप यांचे फोटो नाहीत. जवळून फोटो घ्यायचा तर आधी विचारायचं. व्यवसायासाठी हवा असेल तर कुठे छापणार ते आधी सांगायचं. आणि ज्याचा फोटो, त्याच्या घरी एक प्रत पोचली पाहिजे. हे नियम पाहुण्यांना आहेत, तसेच आपल्या मोबाइलवाल्या पोरांनाही आहेत.

2020 आणि 2021 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या आषाढीला कितीतरी घरांत जुने फोटो काढून बसलेली माणसं आम्ही पाहिली. एका आजीनं फोटोवर बोट ठेवून शेजारच्या बाईचं नाव घेतलं, गाव सांगितलं, तिच्या पायाला आलेला फोडही सांगितला. आम्ही ऐकलं, पण लिहून घेतलं नाही. आज आजी नाहीत.

म्हणून विनंती. घरातला फोटो मागून मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा : नाव, गाव, साल, मुक्काम. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. मोबाइलवर प्रत घ्यायची तर सावलीच्या उजेडात घ्या, फ्लॅश नको. या अंकात ओळख न पटलेले फोटोही मुद्दाम छापले आहेत आणि त्यांच्याखाली जागा कोरी सोडली आहे. त्या चार तुळशीवाल्या माउल्याही त्यात आहेत. त्यांतली एखादी तुमची आजी, चुलती, मावळण असेल. ओळखलंत तर नाव लिहा आणि आम्हांला कळवा.

रामकृष्ण हरी!