चार्ल्स इंगल्स : फुकट जमिनीचा धनी

अमेरिकेच्या इतिहासात १८६२ हे साल यादवी युद्धाच्या धामधुमीचे म्हणून प्रसिद्ध आहे. रणांगणावरच्या बातम्यांच्या गर्दीत त्या वर्षीच्या २० मे रोजी अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. 'होमस्टेड कायदा' या नावाने तो ओळखला जातो. होमस्टेड म्हणजे राहते घर आणि त्याभोवतीची कसण्याची जमीन. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अथवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाने, मग ती स्त्री का असेना, अर्ज करावा, सरकारी फी भरावी, पाच वर्षे त्या जमिनीवर राहून ती कसावी आणि १६० एकरांपर्यंत मालकी घ्यावी, असा त्याचा मथितार्थ होता. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशीयांनाही हा मार्ग मोकळा होता. संयुक्त संस्थानांविरुद्ध शस्त्र धरलेल्यांना मात्र तो बंद होता. फी सगळी मिळून सुमारे अठरा डॉलर पडे. या कायद्याने पुढे सुमारे सोळा लाख लोकांना सुमारे सत्तावीस कोटी एकर जमीन दिली. जगाच्या इतिहासात इतक्या विस्तृत प्रमाणावर जमीनवाटप क्वचितच झाले असेल.

आकड्यांनी डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना माणूस दिसत नाही. म्हणून आज मी या सोळा लाखांपैकी एकाच माणसाची हकीगत सांगणार आहे. त्याचे नाव चार्ल्स इंगल्स. तो कोणी पुढारी नव्हता की लढवय्या नव्हता. त्याच्या मुलीने, लॉरा इंगल्स वाइल्डर हिने, म्हातारपणी त्याच्यावर कादंबऱ्या लिहिल्या नसत्या, तर त्याचे नाव जमीन-कचेरीच्या दप्तरातच राहिले असते. त्या कादंबऱ्यांनी तो जगाच्या घराघरांत पोचला. हसतमुख, फिडल वाजवणारा, संकटाला न डगमगणारा बाप म्हणून. ते चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु मुलीच्या प्रेमाने काही गोष्टी गाळल्या, आणि इतिहासाला त्या गाळलेल्या गोष्टींचीच गरज आहे.

चार्ल्सचा जन्म १० जानेवारी १८३६ रोजी न्यूयॉर्क संस्थानातील क्यूबा या गावी झाला. बाप शेतकरी, जमिनीच्या शोधात तो कुटुंबासह पश्चिमेकडे सरकत गेला, प्रथम इलिनॉयमध्ये, मग विस्कॉन्सिनमध्ये. तेथेच १ फेब्रुवारी १८६० रोजी चार्ल्सचे कॅरोलाइन क्वायनर हिच्याशी लग्न झाले. पेपिन गावाजवळच्या अरण्यात त्याने मेहुण्याच्या भागीत जमीन विकत घेतली. मेरी आणि लॉरा या दोन मुली तेथल्या लाकडी घरात जन्मल्या. झाडे तोडायची, बुंधे उपटायचे, त्या मोकळ्या तुकड्यात पेरायचे आणि उरलेल्या वेळात शिकार करून कातडी विकायची, असा हा संसार होता. अशा माणसाच्या कानांवर पश्चिमेतल्या झाडाविना पसरलेल्या सपाट गवताळ माळांची वार्ता आली, तर त्याचे पाय जागी कसे राहावेत? १८६८ मध्ये त्याने जमीन विकायला काढली आणि पुढच्याच वर्षी बायकामुलांसह कॅन्ससचा रस्ता धरला.

येथे आपण जरा थांबले पाहिजे. कॅन्ससमध्ये इंडिपेंडन्स गावापासून काही मैलांवर ज्या जागी त्याने घर बांधले, ती जमीन सरकारची नव्हतीच. ती ओसेज या मूळ रहिवाशांची राखीव भूमी होती. होमस्टेड कायदा तिला लागू नव्हता, आणि तेथे घुसलेल्या शेकडो गोऱ्या कुटुंबांप्रमाणे इंगल्स कुटुंबही कायद्याच्या दृष्टीने अनधिकृत होते. १८७० च्या खानेसुमारीत या कुटुंबाची नोंद आहे. जमिनीच्या किमतीच्या रकान्यापुढे मात्र काही नाही, कारण मालकीच नव्हती. घुसखोरांच्या रेट्यापुढे ओसेजांनी त्याच वर्षी ती भूमी एकरी सव्वा डॉलर दराने विकून टाकण्यास संमती दिली आणि ते दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, निघून गेले. चार्ल्स स्वभावाने दुष्ट नव्हता. शेजारच्या ओसेजांशी त्याने भांडण काढल्याचे दिसत नाही. तथापि त्याच्यासारख्या हजारो सालस माणसांच्या नुसत्या असण्यानेच एका समाजाची भूमी गेली, ही गोष्ट त्याच्या सालसपणामुळे पुसली जात नाही. दैवाची गंमत अशी की, जमीन विकत घेण्याची वाट मोकळी होत असतानाच, १८७१ मध्ये, तो तेथून परतला. विस्कॉन्सिनच्या जमिनीचा खरेदीदार हप्ते भरू शकला नव्हता. ती जमीन पुन्हा गळ्यात आली होती.

पुढचा मुक्काम मिनेसोटा. १८७४ साली वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीक नावाच्या ओढ्याकाठी कुटुंब उतरले आणि काठाच्या मातीत कोरलेल्या घरात राहू लागले. हा मुलूखही कोरा नव्हता. होमस्टेड कायद्यावर सही झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, १८६२ च्या ऑगस्टमध्ये, याच परिसरात उपाशी डकोटा लोकांनी उठाव केला होता. डिसेंबरात मँकाटो येथे त्यांच्यापैकी ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली आणि उरलेल्यांना संस्थानाबाहेर हाकलण्यात आले. नांगराखाली आलेली ही माती अशी मोकळी झाली होती.

त्या मातीत गहू चांगला येई. पण १८७३ च्या उन्हाळ्यापासून रॉकी पर्वताकडून टोळधाड येऊ लागली होती. तिचा क्रम असा की, टोळ उन्हाळ्यात उतरत, उभे पीक खात, जमिनीत अंडी घालीत; पुढच्या वसंतात त्याच शेतात पिल्ले निघत आणि कोवळे अंकुर फस्त करून उडून जात. म्हणजे एका धाडीत दोन वर्षांची शेती बुडे. १८७७ पर्यंत हे चालले. इंगल्स यांचा गहू गेला. चार्ल्स पायी पूर्वेकडे निघाला, आणि जेथे टोळ पोचले नव्हते तेथे दुसऱ्यांच्या शेतात कापणीची मजुरी करून घरी पैसे पाठवू लागला. एवढे कादंबरीत आहे. कादंबरीत नाही ते असे : १८७५ च्या अखेरीस संस्थान सरकारने टोळग्रस्तांना मदत देऊ केली, पण मदत मागणाऱ्याने आपण सर्वस्वी निराधार आहोत असे लिहून द्यावे अशी अट घातली. चार्ल्सने तसे लिहून दिले आणि त्याला पिठाची दोन अर्धी पिंपे मिळाली. किंमत सव्वापाच डॉलर. स्वावलंबनाचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्याची ही सही आहे. तिच्यात मला लाजिरवाणे काही दिसत नाही. लाज वाटायची असेल तर ती अट घालणाऱ्यांना वाटावी. पण मुलीने हा प्रसंग कादंबरीत येऊ दिला नाही, यावरून त्या घराला ती सही किती जड गेली असेल याची कल्पना करता येते.

त्याच नोव्हेंबरात एक मुलगा झाला होता. घरातला एकुलता मुलगा. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट १८७६ मध्ये, तो वारला. त्याचाही उल्लेख कादंबऱ्यांत नाही. मग आयोवातील बर ओक गावी एका खाणावळ-वजा हॉटेलच्या कामात वर्ष गेले. देणे चुकते होईना तेव्हा कुटुंबाने रात्रीच्या अंधारात गाव सोडले. पुन्हा वॉलनट ग्रोव्ह, आणि तेथे १८७९ मध्ये थोरल्या मेरीला जबर आजार होऊन तिची दृष्टी गेली.

चार्ल्स त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता. वीस वर्षे कष्ट करून हाती ना जमीन, ना पैसा. त्याच वर्षी शिकागो अँड नॉर्थवेस्टर्न कंपनीचा लोहमार्ग डकोटा प्रदेशात पुढे सरकत होता. त्याच्या एका छावणीवर भांडार आणि हजेरीपट सांभाळण्याची नोकरी त्याला मिळाली. जेथे डी स्मेट हे गाव वसणार होते, तेथे हिवाळाभर सर्वेक्षकांच्या रिकाम्या घरात राहून फेब्रुवारी १८८० मध्ये त्याने ब्रुकिंग्जच्या जमीन-कचेरीत अर्ज दिला. गावापासून मैलभरावरची जमीन त्याच्या नावे दाखल झाली. ध्यानात घ्या, होमस्टेड कायदा होऊन तोवर अठरा वर्षे लोटली होती. फुकट जमीन घेण्यासाठीसुद्धा आधी कोणाची तरी चाकरी करून चार पैसे गाठीला बांधावे लागत. नांगर, बैल, बियाणे, विहीर, लाकूड यांपैकी काहीच फुकट नव्हते.

पहिलाच हिवाळा असा आला की, त्या भागात त्याची आठवण अजून काढतात. ऑक्टोबर १८८० मध्ये पहिले हिमवादळ झाले आणि एप्रिलपर्यंत वादळांमागून वादळे येत राहिली. जानेवारीपासून आगगाडी बंद पडली, ती मे महिन्यापर्यंत आली नाही. कुटुंब शेतावरची झोपडी सोडून गावात चार्ल्सने बांधलेल्या दुकानाच्या इमारतीत राहायला आले होते. कोळसा संपला, तेव्हा वाळल्या गवताला पीळ देऊन त्याच्या जुड्या चुलीत घालाव्या लागल्या. पीठ संपले, तेव्हा कॉफी दळण्याच्या लहानशा हातयंत्रात पाळीपाळीने गहू भरडून त्याची भाकरी केली. अख्ख्या दिवसाचे काम म्हणजे उद्याचे जळण आणि उद्याचे पीठ! अखेर अलमँझो वाइल्डर, जो पुढे लॉराचा नवरा झाला, आणि त्याचा एक मित्र यांनी जिवावर उदार होऊन बर्फातून गहू आणला, म्हणून गाव तगले.

त्यानंतर चार्ल्सने जमीन सोडली नाही, ही गोष्ट त्याच्या चिकाटीची. त्याची स्वतःची ओढ आणखी पश्चिमेकडे, ओरेगॉनकडे होती. पण आता मुलींच्या शाळेसाठी येथेच राहायचे, असे कॅरोलाइनने ठरवले होते, आणि तिने ते पाळायला लावले. १८८१ साली मेरीला आयोवातील अंधांच्या महाविद्यालयात पाठवले. शिक्षणाचा खर्च प्रदेश-सरकारने दिला. प्रवास आणि कपडे कुटुंबाने जमवले, त्यात लॉराच्या शिवणकामाची आणि पुढे शिक्षिकेच्या पगाराची भर पडली. १८८६ मध्ये साक्षीदारांसह चार्ल्सने आपली वहिवाट सिद्ध केली आणि जमीन त्याची झाली.

आता वाचणाऱ्याला वाटेल की, येथे हकीगत सुफळ संपूर्ण झाली. तसे झाले नाही. १८८७ साली त्याने गावात घर बांधले आणि कुटुंब तेथे राहायला गेले. १८९२ मध्ये शेत विकून टाकले. ज्या मालकीसाठी आयुष्य वेचले, ती हाती आल्यावर सहा वर्षांत त्याने सोडली, आणि उरलेले दिवस सुतारकाम करून, गावातली लहानसहान कामे आणि हुद्दे सांभाळून काढले. याचे कारण त्याच्या आळसात किंवा चंचलपणात शोधणे अन्यायाचे होईल. १६० एकरांचा आकडा पूर्वेकडच्या पावसाळी प्रदेशावरून बांधलेला होता. डकोटात पाऊस एका साली येई, दुसऱ्या साली दगा देई. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात बजावले होते की, पश्चिमेच्या कोरड्या भागात पाण्यावाचून एवढ्या तुकड्यावर कुटुंब जगू शकणार नाही. डी स्मेट त्या कोरड्या प्रदेशाच्या सीमेच्या थोडे अलीकडे, म्हणून तर मोह अधिक होता. १८८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अवर्षण आले, गव्हाचे भाव पडले, कर्जाचे व्याज मात्र पडले नाही. शेजारीच लॉरा आणि अलमँझो यांचे शेत होते. पीक गेले, अंगावर आजार आला, तान्हा मुलगा गेला, घर जळाले. १८९४ मध्ये तेही जोडपे गाडी जोडून मिसूरीकडे निघून गेले.

चार्ल्सचा अखेरचा आजार हृदयाचा होता. बातमी कळताच लॉरा मिसूरीहून आली. आठ वर्षांनी बापलेकीची भेट झाली ती ही. ८ जून १९०२ रोजी, रविवारी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्याने गावातल्या घरात प्राण सोडला. आणि एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. ज्या जातीच्या टोळांनी त्याची शेती बुडवली, त्या जातीचा जिवंत टोळ शेवटचा पाहिल्याची नोंद त्याच १९०२ सालची, कॅनडातली आहे. पर्वतातील खोऱ्यांत, जेथे ते अंडी घालीत, तेथे वसाहतवाल्यांचे नांगर फिरले म्हणून ती जात नष्ट झाली, असे एक मत आहे.

डी स्मेटच्या दफनभूमीत त्याला पुरले. लॉराचे ते तान्हे मूलही तेथेच आहे. फिडल लॉराकडे गेले. ते आज मिसूरीतील मॅन्सफील्ड येथील संग्रहालयात आहे. कॅरोलाइन त्याच्यामागे बावीस वर्षे त्याच घरात राहिली. तिने खोल्या भाड्याने दिल्या, आणि आंधळी मेरी घोड्यांना माश्या चावू नयेत म्हणून लागणाऱ्या जाळ्या विणून विकी, त्यावर दोघींचा चरितार्थ चाले.