मालकाचं नाव

बोलताना घातलेले पन्नासेक ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ काढून या भागाचं लिखित रूप खाली देतोय. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी.

तर झालं असं. गेल्या जुलैमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास ऑफिसमधून परत आलो. मुंबईचा पाऊस, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी, आणि मीटरच्या पेटीखालच्या कट्ट्यावर एक मांजर बसलेलं. पाच-सहा महिन्यांचं असेल. दोन्ही डोळे चिकटलेले, नाकातून पिवळं पाणी, तोंड उघडं ठेवून श्वास. वॉचमन काका म्हणाले, “दोन दिवस झाले दादा, दूध ठेवतो तर बघत पण नाही. अर्धी तापाची गोळी चुरून देऊ का?”

गोळी दिली नाही, नशीब. ते का, हे पुढे सांगतो. नव्या मॉनिटरचा खोका वर पडला होता, त्याला भोकं पाडली, जुन्या टॉवेलमध्ये मांजर गुंडाळलं (हातावर दोन ओरखडे मिळाले) आणि फोन करत सुटलो. एका दवाखान्यात म्हणाले, बाहेरची मांजरं घेत नाही. दुसरीकडे या म्हणाले. तिथे काउंटरवरच्या मुलीने टॅबवर फॉर्म उघडला आणि विचारलं, “मालकाचं नाव?”

म्हटलं, मालक नाहीये, रस्त्यावरचं आहे. ती म्हणाली, “ते रिकामं ठेवलं तर पुढचं पान उघडत नाही, सर.”

लाल चांदणी असलेला रकाना. असे फॉर्म मी रोज लिहितो, त्यामुळे तिच्यावर चिडायलाही तोंड नव्हतं. माझं नाव टाकलं. मांजर आत गेलं, मी बाकावर बसून राहिलो आणि तो रकाना काही डोक्यातून जाईना. आजारी जनावराला मदत करायची तर आधी ‘हे कोणाचं?’ हा प्रश्न. हा प्रश्न आला कुठून?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. याच शहरात सापडलं.

जून १८३२. कंपनी सरकारचं राज्य, आणि मुंबईत मोकाट कुत्री फार. कुत्रं पिसाळून चावलं तर तेव्हा काहीच इलाज नव्हता, त्यामुळे उन्हाळ्यात ठरावीक दिवस कुत्री मारायची परवानगी असे. त्या वर्षी ते दिवस वाढवले आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आता जिथे डोक्यामागे पैसे, तिथे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. पकडणारे लोकांच्या घरात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून न्यायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्मात स्थान आहे, अंत्यविधीतही. त्यांच्या पवित्र दिवशीच हे चालू दिसल्यावर फोर्टात मारामारी झाली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही आले आणि कुलाब्याच्या छावणीचा पुरवठा अडला. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘डॉग रायट्स’ म्हणतात.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. सी. पी. टँकवरून जाता ना, तीच. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर थोडी थोडी रक्कम बसवून तिचा खर्च उचलला. त्या मालात कापूस होता तशी अफूही होती. दयेचा पैसा कुठून आला, हा एक वेगळा एपिसोड होईल. पण मला त्यातली युक्ती आवडली. ज्याला मालक नाही त्याला मारायचं, असं सरकार म्हणत होतं. व्यापाऱ्यांनी एक संस्थाच मालक म्हणून उभी केली. रकाना रिकामा आहे ना? मग आमचं नाव लिहा.

फक्त पांजरपोळ म्हणजे आसरा. चारा, पाणी, छप्पर, आणि जनावर आपल्या मरणाने मरेपर्यंत सांभाळ. उपचार ही वेगळी गोष्ट.

उपचाराचा विचार आपल्याकडे जुना आहे, पण त्यातही रांग आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची सोय केल्याचं लिहिलंय. वैद्यकाचे मोठे ग्रंथ मात्र घोड्यावर आहेत, ते शालिहोत्राच्या नावावर. हत्तीवर आहेत, ते पालकाप्याच्या नावावर. म्हणजे ज्यांच्यावर राज्य चालायचं, त्यांचे डॉक्टर आधी तयार झाले. मुंबईतही तेच. १८७४ मध्ये इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था, म्हणजे बॉम्बे एसपीसीए, स्थापन झाली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण त्या काळात रस्त्यावर डोळ्यांसमोर मार खाणारं जनावर म्हणजे घोडा आणि बैल, हे उघड आहे. १८८० च्या दशकात दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं. १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यक कॉलेज निघालं. आजही परळला बसमधून ‘जनावरांचं हॉस्पिटल’ म्हटलं की कंडक्टरला पुढे काही सांगावं लागत नाही.

मग १८९० चा कायदा आला, क्रूरतेविरुद्धचा. त्यात ‘प्राणी’ कोण? पाळीव किंवा पकडलेला. झालं, परत मालक.

आता मांजर. या सगळ्या यादीत ते कुठे आहे? ओझं ओढत नाही, नांगराला जुंपता येत नाही, दूध स्वतःच चोरून पितं. वर आडवं गेलं तर आपण पाच पावलं थांबणार. पण सरकारी कागदात मांजर एकदा चांगलंच झळकलं, आणि तेही आपल्या अमरावतीमुळे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँने दाखवलं की हा रोग उंदरावरच्या पिसवांमधून येतो. म्हणजे उंदीर गुन्हेगार. आणि उंदीर म्हटलं की? अमरावतीला असलेले ब्रिटिश डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन, यांनी गावोगावी चक्क मांजरं मोजायला लावली. १९०८ मध्ये त्यांनी मांडलं की घरांच्या संख्येच्या निम्म्याहून जास्त मांजरं असलेल्या गावांत प्लेग येत नाही. सबब, मांजरं पाळा. मला हा माणूस फार आवडतो. डेटासेट छोटा, निष्कर्ष मोठा, उत्साह त्याहून मोठा! आमच्या टीममध्ये असे दोघे आहेत.

गोम अशी की मांजरालाही प्लेग होतो. आजारी उंदीर खाल्ला की होतोच, आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. अमेरिकेत तसे रुग्ण पुढे नोंदले गेले. म्हणजे ज्याला आपण औषध म्हणून दारात ठेवत होतो, ते स्वतः आजारी पडत होतं. तेव्हाच्या मोजणीत ‘गावात मांजरं किती’ हा आकडा होता. ‘त्यातली आजारी किती’ हे विचारायचं कोणाला सुचणार?

मांजराचा स्वतःचा आजार म्हणून अभ्यास बराच उशिरा सुरू झाला. पिल्लांना उलट्या-जुलाब लावून दोन-तीन दिवसांत संपवणारा पॅनल्यूकोपेनिया विषाणूमुळे होतो, हे १९२८ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं गेलं. आमच्या पार्किंगमधल्या पाहुण्याला झाला होता तो मांजरांचा फ्लू. त्यामागचे दोन मुख्य विषाणू थेट १९५७ आणि १९५८ मध्ये सापडले. तोवर माणसाने स्पुटनिक वर सोडला होता.

त्या रात्री डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून ठेवा, कामाला येईल. फ्लूमध्ये मांजर दूध ‘बघत नाही’ कारण नाक बंद असतं. वास आला नाही तर मांजर खात नाही, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हर बिघडतं. म्हणून डोळे-नाक कोमट पाण्याच्या कापसाने पुसा, ऊब द्या, वास मारणारं कोमट खाणं पुढे करा. बोंबलाचं पाणी चालतं, अख्ख्या मजल्याची तक्रार येते. तोंडाने श्वास घेत असेल तर मात्र घरी काही करत बसू नका, लगेच डॉक्टर. आणि ती तापाची गोळी! पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायला जी यंत्रणा माणसाच्या लिव्हरमध्ये आहे, ती मांजरात जवळजवळ नाहीच. एका गोळीत मांजर मरू शकतं. काकांची दया खरी होती आणि औषध विष होतं.

माझे ओरखडे बघून डॉक्टरांनी आधी मला बेसिनकडे पाठवलं. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, मग रेबीजची इंजेक्शनं. १८३२ मधल्या कुत्र्यांच्या कत्तलीमागची भीती हीच. भारतातली पहिली पाश्चर संस्था १९०० मध्ये कसौलीला निघाली, त्याआधी इथून पॅरिसला जाणारे लोक होते. मी पावणेअकराला रिक्षाने गेलो आणि कुरकुर केली.

राहिला रकाना. १९५२ मध्ये राज्यसभेत आलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १८९० चा कायदा अपुरा म्हणून स्वतःचं विधेयक मांडलं. सरकारने आम्हीच आणतो असं आश्वासन दिल्यावर ते मागे घेतलं, आणि १९६० चा कायदा आला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. पाळीव नाही, पकडलेला नाही, नुसता सजीव. एका व्याख्येत मालक उडाला. तरी २००१ च्या नसबंदी नियमांच्या नावात कंसात ‘कुत्री’ होतंच. २०२३ च्या नव्या नियमांच्या नावातून तो कंस गेला.

मांजर अकरा दिवस आमच्या बाथरूममध्ये होतं. नाक मोकळं झालं, उजवा डोळा स्वच्छ झाला, डाव्यावर पांढरट डाग कायमचा राहिला. आता परत पार्किंगमध्ये असतं. लस झाली, नसबंदीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर मालक म्हणून अजून मीच आहे. मांजराच्या नावाचा रकाना काकांनी भरला. मीटर.