उंची मोजणारी काठी पुन्हा दारात

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन हा देश हत्तीरोगाविरुद्धची लढाई जवळजवळ जिंकत आला होता. १४ पैकी ८ जिल्ह्यांत प्रादुर्भाव इतका घटला होता की औषधवाटप थांबवावे की नाही, हे ठरवणारी पाहणी तेवढी उरली होती. त्याच वर्षी मे महिन्यात इबोला आला.

या मोहिमेचे मुख्य साधन होते एक काठी. गावातलाच स्वयंसेवक खुणा केलेली काठी घेऊन घरोघर जाई, माणसाला तिच्याशेजारी उभे करी आणि उंचीवरून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मोजून देई. वजनकाटाही नको, डॉक्टरही नको. (घरोघर येणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या पूर्व विदर्भातील वाचकांच्या परिचयाच्या असतील.) इबोलाने नेमके हेच अशक्य केले. परस्परांना स्पर्श न करणे हा आता देशाचा नियम झाला होता आणि दारात येणाऱ्या आरोग्यसेवकाकडे लोक भयाने पाहू लागले होते. शेजारच्या गिनीत, वोमे गावी, सप्टेंबर २०१४ मध्ये जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातील आठ जणांची हत्या झाली.

वाटप थांबले, जंत थांबले नाहीत. हे औषध रक्तातील सूक्ष्म पिल्ले मारते, प्रौढ जंत मात्र शरीरात वर्षानुवर्षे जगतो. खंड पडला की रक्तात पुन्हा पिल्ले आणि ती वाहून नेणारे डास!

गोळ्या पुन्हा घरोघर पोहोचल्या त्या साथ चालू असतानाच, पण मलेरियासाठी. मलेरियाचा ताप आणि इबोलाचा आरंभीचा ताप वेगळा ओळखता येईना. तापाने फणफणलेला माणूस इबोलाच्या संशयाने उपचारकेंद्रात गेला, तर तिथेच त्याला खरा संसर्ग होण्याची भीती. म्हणून डिसेंबर २०१४ आणि जानेवारी २०१५ अशा दोन फेऱ्यांत, रक्ततपासणीविना, सुमारे २५ लाख लोकांसाठी मलेरियाचे औषध वाटण्यात आले. माझ्या मते हत्तीरोगाच्या मोहिमेची खरी पूर्वतयारी हीच. स्पर्श टाळूनही दारापर्यंत जाता येते, हे इथे दिसले.

साथीत या एका देशात सुमारे ४,००० माणसे दगावली. ती ओसरल्यावर काठ्या पुन्हा बाहेर निघाल्या. रखडलेली पाहणी अखेर २०१७ मध्ये झाली. त्या आठही जिल्ह्यांनी निकष पूर्ण केले आणि तिथले हत्तीरोगासाठीचे वाटप थांबवण्यात आले, या वेळी ठरवून.